उत्तर देणाऱ्याचा उशीर

सोमवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी नदीपलीकडच्या लहान रुग्णालयातून एका माणसाच्या हृदयाचा आलेख शहरातल्या हृदयतज्ज्ञांकडे इंटरनेटवरून रवाना झाला. तो अकरा पंचेचाळीसला पोचला. हृदयतज्ज्ञ कामाला चोख. त्यांनी पाच मिनिटांत उत्तर धाडलं आणि ते निघाल्याक्षणी पोचलं: 'रुग्णास जागचे हलू देऊ नये.' रुग्ण मात्र साडेअकरापर्यंत वाट पाहून, दोन केळी खाऊन, सायकलवर टांग मारून घरी गेला होता. हलू नये हे त्याला कळलंच नाही आणि बहुधा म्हणूनच तो अजून हलतो आहे. परंतु अज्ञान दर खेपेला औषधासारखं लागू पडेल, याची हमी कोणतंही खातं देत नाही.

त्या रुग्णालयातला हृदयकक्ष म्हणजे तरी काय, एक खोली, एक खाट, आलेख काढायचं यंत्र, संगणक आणि एक परिचारिका. आसपासच्या सगळ्या वस्त्यांना मिळून एवढंच. शहर गाडीनं चार तासांवर. फोन उचलून तज्ज्ञांना विचारावं, तर नियम आडवा पडे. तोंडी सल्ल्याची नोंद राहत नाही आणि ज्याची नोंद नाही त्यावर इंजेक्शन देता येत नाही. तेव्हा माणूस खाटेवर, आलेख वाटेवर, आणि परिचारिका घड्याळाकडे बघत उभी, असा कारभार सहा महिने चालला होता. आता आरोग्य खात्याचं पत्र आलं: तीन महिन्यांत सल्ला वेळेवर येऊ लागला नाही, तर कक्ष अनुपयुक्त समजून बंद करण्यात येईल.

परिचारिकेनं रीतसर तीन प्रतींत तक्रार केली. इंटरनेटचे रस्ते सांभाळणारं एक कार्यालय शहरात होतं. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जुन्या खुर्च्यांची कोठी आणि गळका नळ यांच्या मधोमध, 'मार्गमापन कक्ष' होता. तिथं बसणारा मोजणीदार हा परिचारिकेचा सख्खा धाकटा भाऊ. म्हणून चौथी प्रत तिनं फोनवर दिली.

"तक्रार मिळाली का रे?"

"परवा मिळेल, ताई. आज आवकमध्ये आहे."

"माझ्या खाटेवरचा माणूस आवकमध्ये ठेवता येत नाही, शहाण्या. आणि ही खोली बंद झाली ना, तर लोक चार तास रस्त्यावर मरतील. रस्ते तुमच्याच खात्याचे."

हे वेगळे रस्ते, ते वेगळे, असं मोजणीदार सांगणार होता. तोवर तिनं फोन ठेवला.

मोजणीदाराकडे हत्यार एकच. त्याची रीत अशी. शहरापासून हृदयकक्षापर्यंतच्या वाटेवर बारा मुकाम. प्रत्येक मुकामावर एक मशीन आणि त्याला सांभाळणारा एक माणूस. हत्यार एक निरोप्या सोडतं आणि त्याच्या कानात सांगतं, पहिल्या मुकामावर जा आणि मर. तो आज्ञाधारकपणे मरतो. तिथलं मशीन कळवतं, आपला माणूस आमच्याकडे वारला, कळावे. मग दुसरा निरोप्या सुटतो, तो दुसऱ्या मुकामावर प्राण ठेवतो. असे ओळीनं बळी द्यायचे, आलेल्या मृत्यूच्या दाखल्यांवरून रस्त्याचा नकाशा काढायचा, आणि दाखला यायला किती वेळ लागला त्यावरून उशीर मांडायचा. एखाद्या मुकामावरून दाखला आलाच नाही, तर त्याच्यापुढे कागदावर एक चांदणी उमटते. चांदणीचा अर्थ इतकाच की कळलं नाही.

या हत्याराला काय दिसत नाही, हे मोजणीदाराला बावीस वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं. मुकामाचं खरं काम वाहतूक पुढे ढकलायचं. दाखले लिहिणं फावल्या वेळात. दुकानात गर्दी असताना दुकानदार तुमच्या 'काय, बरंय ना'ला उशिरा उत्तर देतो, म्हणून त्याचं दुकान मंद चालतं असं होत नाही. शिवाय हत्याराला जायची वाट दिसते, यायची दिसत नाही, आणि इंटरनेटवर या दोन वाटा एकच असतील असं कुणी लिहून दिलेलं नाही. आणखी एक गोम म्हणजे निरोप्या रिकाम्या हातानं जातो. बोळातून रिकामा माणूस सुळकन निघाला, म्हणून डोक्यावर कपाट घेतलेलाही निघेल, असं धरून चालणारा एक तर बोळात राहत नसतो किंवा त्याच्याकडे कपाट नसतं. हृदयाचा आलेख हे कपाट होतं. आणि ते तिकडून इकडे येत होतं.

तरी आदेशाप्रमाणे मोजणी झाली आणि अहवाल साहेबांपुढे गेला. साहेब मार्गप्रमुख होते. त्यांना रंग लगेच कळत, आकडे सावकाश; म्हणून अहवाल रंगीत काढायची पद्धत होती.

"सहावा लाल दिसतोय," साहेब म्हणाले.

सहाव्या मुकामापुढे नऊशे मिलिसेकंद होते आणि सातव्यापुढे चाळीस. मोजणीदारानं समजावलं की सहावा दाखला लिहायला वेळ लावतो, माणूस पुढे सोडायला नाही. तिथं खरा खोळंबा असता, तर त्याच्यापलीकडचे सगळेच मुकाम उशिरा दिसले असते. सातवा तर चाळीसच दाखवतोय.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे सातव्यानं वेळ भरून काढला."

"तसं नसतं, साहेब."

"आपल्या खात्यात अशी माणसं आहेत, आणि आपण त्यांची दखलही घेत नाही."

त्याच दुपारी दोन पत्रं निघाली. सातव्या मुकामाला, गमावलेला वेळ स्वयंप्रेरणेनं भरून काढल्याबद्दल प्रशस्तिपत्र. सहाव्या मुकामाला कारणे दाखवा नोटीस. जाता जाता साहेबांनी चौथ्याची चौकशी केली, कारण त्याच्यापुढे चांदणी होती. चौथा कधीच उत्तर देत नाही, त्याचं काही कळत नाही, असं मोजणीदारानं सांगितलं. त्याच्या नावावर उशीर नोंदलाय का, साहेबांनी विचारलं. नाही, मोजणीदार म्हणाला. मग प्रश्नच मिटला. संध्याकाळी परिपत्रक आलं: 'ज्या मुकामापुढे उशिराची नोंद नाही, त्या मुकामावर उशीर नाही, असे समजण्यात यावे.'

सहाव्या मुकामावर एक बाई होती. तीस वर्षं तिथंच, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. विचारील त्याला उत्तर द्यायचं, हे तिनं आपल्या मशीनला पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि त्याचा तिला अभिमान होता. तिनं मोजणीदाराला फोन केला.

"अरे दादा, मी उत्तर दिलं हा माझा गुन्हा का? तो चौथा दहा वर्षं तोंडात गुळणी धरून बसलाय, त्याला कुणी चकार शब्दानं विचारलं नाही."

खरं काय ते लिहून पाठवा, असा सल्ला मोजणीदारानं दिला. सल्ला देताना त्याची जीभ जरा अडखळली, पण दिला. बाईंनी दोन पानं भरून खरं काय ते लिहिलं, आकृतीसह. आठवड्यानं शेरा आला: 'खुलासा असमाधानकारक. तसेच खुलासा दोन पानी असल्याने वाचण्यास विलंब झाला, तो विलंबही आपल्याच मुकामाकडे वर्ग करण्यात येत आहे.' बाईंनी शेरा दोनदा वाचला, मशीनपुढे बसून एक ओळ टाईप केली, आणि त्या घडीपासून सहावा मुकाम मुका झाला.

पुढच्या अहवालात सहाव्यापुढे चांदणी आली. लाल रंग गेला. साहेबांनी तो कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला आणि एक पत्र गेलं की कामं कशी होतात, यावर दहा मिनिटं बोलले.

पलीकडचा आलेख चाळीस मिनिटांनीच पोचत होता.

आता सर्वांत उंच आकडा नवव्याचा झाला. सत्तर. गवतातलं उंच पातं कापलं की त्याच्या शेजारचं आपोआप उंच दिसतं, आणि विळा हातात असला की थांबवत नाही. नवव्याला नोटीस गेली. नववा मुका झाला. मग अकरावा, मग दुसरा. सातव्यालाही पत्र गेलं, की सहाव्याचा उशीर बंद झाल्यापासून आपण वेळ भरून काढण्याचं काम का सोडलंत. सातव्याच्या माणसानं प्रशस्तिपत्र काचेत बसवलं होतं. त्यानं ते भिंतीवर टांगलं आणि मशीनचं तोंड बांधलं. बोलणाऱ्याची माती विकते अशी म्हण आहे. या खात्यात बोलणाऱ्याचीच माती होत होती.

मध्यंतरी अहवालात एक चमत्कार झाला. त्या भागात दोन समांतर वाटा होत्या आणि निरोपे कधी या वाटेनं जात, कधी त्या. आठव्याचा दाखला एका वाटेवरून आला, दहाव्याचा दुसरीवरून, आणि हत्यारानं दोघांना सरळ रेघेनं जोडून दिलं. अशी तार जगात नव्हती. नसलेल्या तारेवर काही दोष आहे का हे पाहायला साहेबांनी त्रिसदस्यीय समिती पाठवली. समिती दोन दिवस एका माळावर उभी राहिली, तार शोधली, सापडली नाही, आणि तिनं एकमतानं लिहून दिलं: 'तारेत दोष आढळला नाही.' या ओळीत खोटं काय आहे, हे मोजणीदाराला पुष्कळ शोधूनही सापडलं नाही.

एक महिना गेला. ताईचे फोन कमी झाले होते, ही गोष्ट मोजणीदाराला फोन येण्यापेक्षा जास्त लागत होती. तो अर्ज घेऊन साहेबांकडे गेला. अर्ज एका ओळीचा होता: उशीर तिकडून इकडे येणाऱ्या वाटेवर असावा, तेव्हा एकदा हृदयकक्षात बसून उलट दिशेनं, जड निरोप्या सोडून मोजणी करायची परवानगी मिळावी. वाटेतले थोडे मुकाम अजून बोलते आहेत तोवर मिळावी, हे त्यानं तोंडी जोडलं.

साहेब गाडीत बसत होते. इथून तिथपर्यंतची वाट आपल्या कार्यक्षेत्रात येते, तिथून इथपर्यंतची पलीकडच्या विभागाच्या, असं त्यांनी सांगितलं. शिवाय अर्जातली शंकाच बिनबुडाची होती.

"रस्ता जायचा एक आणि यायचा दुसरा असतो का कधी? मी रोज ज्या रस्त्यानं येतो, त्याच रस्त्यानं घरी जातो. विचारा याला." त्यांनी ड्रायव्हरकडे बोट केलं.

"नाही साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "येताना आपण पुलावरून येतो. जाताना तिथं एकेरी आहे, मग कारखान्यामागून जातो."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. तुम्ही झोपलेले असता."

ड्रायव्हरची बदली शुक्रवारी झाली. अर्जावर शेरा सोमवारी आला: 'शंका अप्रस्तुत. दप्तरी दाखल.'

दुसऱ्या महिन्यात खात्यानं कार्यशाळा घेतली. सरासरी उशीर निम्म्यावर आला होता, कारण ज्यांची सरासरी काढायची तेच निम्मे उरले होते. चौथ्या मुकामाचा माणूस प्रमुख पाहुणा. सगळे त्याला मौनीबुवा म्हणत. चौथ्या मुकामाची दहा वर्षांची निष्कलंक परंपरा त्यांनी कशी राखली, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला सभागृह भरलं होतं. मौनीबुवा सरळ मनाचा माणूस. उभा राहून तो म्हणाला की मी काहीच करत नाही. आधीचे गृहस्थ मशीन बंदोबस्तात ठेवून निवृत्त झाले, त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, आत काय चाललंय ते मलाही कळत नाही. सभागृहात बराच वेळ टाळ्या वाजल्या. शेजारच्या खुर्चीवरच्या अधिकाऱ्यानं 'मी काहीच करत नाही' हे वाक्य वहीत उतरवून त्याखाली दोन रेघा मारल्या. त्या आठवड्यात उरलेले मुकामही मुके झाले. काहींनी पासवर्ड मुद्दाम विसरून घेतले.

तिसरा महिना लागला तेव्हा मोजणीदारानं रजा टाकली आणि चार तासांचा प्रवास करून ताईकडे गेला. हृदयकक्षाच्या खिडकीला हिरवा पडदा होता, खाटेवर दुमडलेलं घोंगडं, आणि भिंतीवर ताईनं खडूनं दोन रांगा मांडल्या होत्या: आलेख निघाला, उत्तर आलं. आठ महिन्यांच्या वेळा, मिनिटासकट. बावीस वर्षांत इतका नीट अहवाल त्यानं पाहिला नव्हता.

खाटेवर एक शिलाईकाम करणाऱ्या काकू होत्या. त्यांच्या छातीला तारा लावलेल्या, आलेख नुकताच गेलेला.

"हा माझा भाऊ," ताईनं त्यांना सांगितलं. "रस्ता कुठं अडलाय ते बघायला आलाय. तीन महिने झाले निघून."

काकू हसल्या, हसताना छातीवर हात ठेवला. मोजणीदारानं परवानगीशिवाय संगणकाचं सील काढलं, कपाटाएवढा जड निरोप्या तयार केला आणि उलट वाटेनं सोडला. हे त्यानं पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं, हे त्याला बटण दाबताना कळत होतं. संगणकाच्या पडद्यावर पहिली चांदणी उमटली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी, पाचवी. हत्यार जास्तीत जास्त तीस मुकाम शोधतं. ते तीस ओळी शोधत गेलं आणि तीसही ओळींत चांदण्या लावून थांबलं. येणारी वाट वेगळी असेलही, पण तिच्यावरचे मुकाम, शहरातल्या शेवटच्या मशीनसकट, याच खात्याचे होते, आणि सगळ्यांनी कार्यशाळा केली होती.

"काय दिसतंय?" ताईनं विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे सगळं ठीक?"

"म्हणजे काही दिसत नाही, ताई."

"हे तुझ्या साहेबांना कसं सांगणार?"

त्यानं संगणकाचं सील पुन्हा चिकटवलं. काकूंचं उत्तर बेचाळीस मिनिटांनी आलं. तोवर त्या तिथंच होत्या, नशीब.

परत आल्यावर महिनाअखेरचा अहवाल काढायचा होता. इथून तिथं. अकरा मुकाम, अकरा चांदण्या, आणि शेवटी बारावा, हृदयकक्षाचा संगणक. तो तेवढा बोलला, कारण ज्याच्याकडे जायचं असतं तो, त्याला गप्प बसवलं नसेल तर, दार उघडतोच. त्याच्यापुढे सेहेचाळीस मिलिसेकंद होते. सेहेचाळीस म्हणजे डोळ्याची पापणी अर्धीही लवत नाही. पण पानावर आकडा तो एकच होता.

साहेबांनी वजाबाकी स्वतः केली. एकूण उशीर सेहेचाळीस. पहिल्या अकरा मुकामांचा उशीर, परिपत्रकानुसार, शून्य. बाकी सेहेचाळीस. सगळाच्या सगळा बाराव्यात. "म्हणजे तक्रार करणाराच चोर निघाला," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात विजय नव्हता, खेद होता. मोजणीदारानं त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवला. हत्याराला काय दिसत नाही ते त्यानं एका दमात सांगितलं, कपाट सांगितलं, बोळ सांगितला, भिंतीवरचा खडू सांगितला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एक सवलत देऊ केली, माणूस मनानं वाईट नव्हता. बाराव्यालाही गप्प बसवा, मग बारावाही निर्दोष.

मोजणीदारानं तेही करून पाहिलं. बुडत्याला काडी दिसते, तशी त्याला ही दिसली. ताईच्या संगणकाला उत्तर द्यायला बंदी केली आणि मोजणी पुन्हा घेतली. कागदावर चांदण्याच चांदण्या, आणि खाली हत्यारानं आपल्या सवयीनं ओळ छापली: 'इच्छित स्थळ सापडले नाही.' तो कागद तसाच आरोग्य खात्याकडे गेला. कक्ष बंद करायचा, तर समिती, सुनावणी, मंजुरी लागते. मुळात न सापडणारा कक्ष बंद करायला काही लागत नाही. बुधवारी दुपारी एक माणूस येऊन खोलीला कुलूप लावून गेला. कुलूप लावायला त्याला खोली पहिल्या झटक्यात सापडली. ताईची नेमणूक नोंदणीच्या खिडकीवर झाली.

सरकार मात्र बेफिकीर नव्हतं. चार महिन्यांनी त्या भागातल्या प्रत्येक घरी एक फॉर्म गेला. 'हृदयकक्ष बंद केल्यामुळे आपणांस काही अडचण आली काय?' खाली मोठा रिकामा चौकोन आणि बारीक अक्षरांत सूचना: 'अडचण नसल्यास चौकोन कोरा ठेवावा. अडचण असल्यास पुराव्यासह समक्ष सुनावणीस तीन वेळा हजर राहावे. उत्तर देणाऱ्याच्या नावाची नोंद ठेवण्यात येईल.' चार हजार दोनशे फॉर्म परत आले. मोजायचे म्हणून ते मार्गमापन कक्षात धाडण्यात आले, कारण पाटीवर मापन हा शब्द होता.

मोजणीदार तीन दिवस फॉर्म उलटत होता. कोरा, कोरा, कोरा. काही पाकिटं न फोडता परत आलेली. वर टपालवाल्याचा शेरा, 'सदर इसम आता येथे राहत नाही.' ती कोणत्या ढिगात घालायची हे त्यानं वर विचारलं. उत्तर तात्काळ आलं: न राहणाऱ्यास अडचण संभवत नाही, सबब निरंक. ज्यांना खरी अडचण आली होती, ते ती कळवायला उरले नव्हते. हत्यार आणि खातं यांच्यात आता काही फरक राहिला नव्हता, इतकाच की हत्यारानं चांदणी तरी छापली असती.

तिसऱ्या दिवशी दुपारी भरलेला फॉर्म निघाला. चार हजार दोनशेंत एक. अक्षर ओळखायला त्याला नाव वाचावं लागलं नाही. ताईनं चौकोनात तीन ओळी लिहिल्या होत्या. शाळेतला शिपाई, शहराच्या वाटेवर, दोन तास दहा मिनिटांनी. नावाडी, पावणेतीन तासांनी. शिलाईवाल्या काकू, गाडी मिळाली नाही, निघाल्याच नाहीत. खाली सही, हुद्दा, नोंदणी खिडकी क्रमांक.

त्यानं तो फॉर्म दोन्ही हातांत धरला. पुढे काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. उद्याच्या अहवालात चार हजार एकशे नव्व्याण्णव कोऱ्यांमध्ये एक लाल ठिपका. त्या ठिपक्याला नाव आहे, हुद्दा आहे, खिडकी क्रमांक आहे. मग नोटीस, मग खुलासा, मग खुलासा असमाधानकारक. ताई दोन पानं लिहील. ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला.

"फॉर्म टाकलाय मी," ताई म्हणाली. "पोचला का?"

समोरच्या नळातून पाणी ठिबकत होतं. मोजणीदारानं टेबलाचा खालचा खण उघडला, फॉर्म आत ठेवला आणि खण लावला.

"नाही, ताई. वाटेत अडकला असेल कुठंतरी."

पलीकडे नोंदणीच्या खिडकीवर एक शिक्का पडला.

"मग बघ ना मोजून," ती म्हणाली, "कुठं अडकला ते."

त्या संध्याकाळी अहवाल वर गेला. फॉर्म चार हजार दोनशे, अडचण निरंक. साहेबांनी त्यावर हिरव्या शाईनं सही केली.

आता मोजणीदाराला भित्रा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. सख्ख्या बहिणीचा कागद दाबला, म्हणा. तीन मेलेल्या माणसांची तोंडं बंद केली, तेही म्हणा. त्याची काही हरकत नाही, तो स्वतः रोज म्हणतो. पण त्यानं दाबलेला फॉर्म एक आहे. बाकीचे ज्यांचे त्यांनीच कोरे धाडले. त्यातल्या एकाचा चौकोन तर इतका स्वच्छ होता की त्यावर बोटाचा ठसाही नव्हता. पाठीवर मात्र पेन्सिलीनं घरच्या सामानाची यादी होती: साबण, सुतळी, दोन बल्ब, गादीचं कापड. लिहायला जागा पुरली नव्हती, म्हणून शेवटचा शब्द कडेनं वर वळवला होता. अक्षर कुणाचं ते मी चारचौघांत सांगत नाही. बल्ब आणलेत ना पण?